गाडीचा केसपेपर

“अहो मॅडम, गाडी हाय ती, गाडी! गाडीला कधी ताप येत असतो का?”

बिराजदार मॅनेजर ओरडला तो लातूरच्या शोरूममध्ये; पण त्या आवाजानं औशाच्या किल्ल्यावरची कबुतरं उडाली असणार, याबद्दल माझी खात्री आहे. शोरूमच्या काचा थरथरल्या. नव्या गाडीची पूजा करायला आलेल्या एका कुटुंबाच्या हातातला नारळ न फोडताच तडकला. ज्यांच्यावर तो ओरडला त्या गजभारे सिस्टर मात्र बॉनेटवर डावा हात ठेवून, पदरापाशी उलट्या लटकवलेल्या छोट्या घड्याळाकडं बघत उभ्या होत्या. आजारी लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा हात. पूर्ण एक मिनिट त्यांनी तो काढला नाही. मग पर्समधून एक आखलेला कागद काढला, काहीतरी लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाल्या, “ओरडू नका. पेशंट घाबरतो.”

“कोण पेशंट?”

“ही.” त्यांनी आपल्या पांढऱ्या गाडीकडं हनुवटी उडवली. “सातव्यांदा ॲडमिट करून राहिले मी हिला. सहा वेळा तुम्ही ‘दोष आढळला नाही’ असं लिहून डिस्चार्ज दिला. आज काय लिहिता ते बघायला आलेय.”

बिराजदारनं माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं. नांदेडपासून सोबत आलेला मी त्यांचा शेजारी, गाडी ढकलणारा, डबा धरणारा आणि पुढं होऊ घातलेला साक्षीदार. त्या साक्षीचं पुराण यथावकाश येईलच. आधी सिस्टर कोण ते सांगतो, कारण ज्यांनी त्यांना बघितलं नाही त्यांना वाटेल की मी वाढवून सांगतोय. मी वाढवून सांगतोच. पण सिस्टरच्या बाबतीत वाढवायला देवानं जागाच ठेवली नव्हती.

त्या मूळच्या कंधारकडच्या. निम्मी नोकरी लोह्याच्या दवाखान्यात झाली, उरलेली नांदेडच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात. आमच्या कॉलनीत त्यांचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एकच भिंत. नवरा लवकर गेलेला, एकुलती लेक लग्न होऊन पुण्यात. सकाळी सहाला त्या अंगणात येऊन “जयभीम गुरुजी” म्हणत, तेव्हा मी अजून अंथरुणात आहे हे त्यांना माहीत असे. तरी म्हणत. मग मला उठून उत्तर द्यावं लागे. मी प्राथमिक शाळेत मास्तर; पण माझी शाळा भरायच्या आत त्यांची भरलेली असायची.

“लिहिलं न्हाई, तर झालं न्हाई,” हे त्यांचं ब्रीद. वॉर्डात सलाईन लावली आणि लिहिली नाही, तर दुसरी सिस्टर पुन्हा लावते, असं त्याचं मूळ. पण निवृत्तीनंतर दवाखाना सुटला आणि लिहिणं अंगात राहिलं. दारामागं दूधवाल्याचा चार्ट टांगलेला: आला किती वाजता, दूध किती, पाणी किती. त्या चार्टच्या धाकानं तो दूधवाला म्हशीला गजर लावून उठवायचा, असं मी कॉलनीभर सांगत असे. सिस्टरच्या कानावर गेलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “गुरुजी, त्याच्याकडं म्हैस न्हाई. तो डेअरीतून आणतो.”

माझ्यावर तर त्यांचा विशेष पहारा. एकदा मी भिंतीपलीकडून ओरडलो, “सिस्टर, साप! फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत लांब!” त्या टेप घेऊन आल्या. शांतपणे वाकून मोजलं. “साडेतीन फूट,” म्हणाल्या. “आणि ही कात हाय. साप कवाच गेला.” पुढं कुठल्याही गोष्टीत मी शंभर म्हटलं की त्यांची भुवई उचलायची. “आकडा सांगा गुरुजी. अंदाज नातेवाईक सांगत असतेत.”

अशा बाईनं अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकायचं ठरवलं. सगळी हयात लोह्याच्या आणि कंधारच्या स्टँडवर एसटीची वाट बघण्यात गेली होती. आता आपल्याला हवं तेव्हा निघायचं, हवं तिथं उतरायचं, एवढीच हौस. कॉलनीतले बाप्ये खुर्च्या टाकून बघायला बसायचे. पहिल्या आठवड्यात तर एक शेळी त्यांना ओव्हरटेक करून गेली आणि पुढं जाऊन थांबून मागं वळून बघू लागली. हे मी डोळ्यांनी बघितलंय. पण दोन महिन्यांत त्या अशा तयार झाल्या की शिकवणारा पोरगा म्हणाला, “गुरुजी, मावशी आपल्याच फाटकात वळताना सुद्धा हात दाखवतेत. मलाच आता भ्या वाटून राहिलंय त्यांच्या शेजारी बसायचं.” लायसन्स पहिल्या फटक्यात. त्या दिवशी त्यांनी मला आपलं जुनं सर्व्हिस बुक काढून दाखवलं होतं. पस्तीस वर्षांची नोकरी आणि एकही वाईट शेरा नाही. “एक बी न्हाई,” त्या म्हणाल्या, आणि पान असं मिटलं की जणू आत पिंपळपान जपून ठेवलंय.

गाडी घेतली लातूरला. नांदेडात तीन महिने थांबा म्हणत होते, लातूरला एक तयार उभी होती. ती का तयार उभी होती, हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता असं मी आता सांगतो. खरं म्हणजे तेव्हा माझं सगळं लक्ष शोरूमच्या पेढ्यांवर होतं. गाडी बाहेर काढताना बिराजदारनं चाकाखाली ठेवायला चार लिंबं आणली. सिस्टरनी ती उचलून पर्समध्ये टाकली. “सरबताला होतील,” म्हणाल्या. डॅशबोर्डवर बुद्धाची एक बोटभर मूर्ती ठेवली, पट्टा लावला आणि निघाल्या. नवी गाडी म्हणून दर अर्ध्या तासाला तिला विसावा देत आम्ही नांदेड गाठलं.

आठवड्यानं आम्ही नांदेडहून कंधारला त्यांच्या थोरल्या बहिणीकडं निघालो. लोहा आलं आणि गाडी गेली. आवाज नाही, धक्का नाही. चालता चालता एखाद्यानं बोलणं बंद करावं तशी बंद. मागं ट्रक, पुढं ट्रक, मधे मी, दोन्ही हातांनी गाडी ढकलतोय. पंधरा मिनिटांनी ती आपली आपण सुरू झाली. पुढच्या खेपेला पुन्हा लोहा, पुन्हा बंद. मग दर खेपेला. शेवटी शेवटी लोह्याच्या नाक्यावरचा हॉटेलवाला लांबून पांढरी गाडी दिसली की दोन चहा टाकायचा.

कॉलनीतल्या प्रत्येकाचं निदान तयार. लिंबं चिरडली नाहीत म्हणून. बुद्धाची मूर्ती तोंड फिरवून बसवली म्हणून. आणि सगळ्यात जास्त मतं पडली ती याला: “बाईमाणसाच्या हातात गाडी, दुसरं काय व्हनार?” हे मतदान सिस्टरच्या कानावर जाई. चार्ट वाढत जाई.

कागदावर रकाने आखलेले: तारीख, निघाल्याची वेळ, बंद पडल्याची वेळ, बॉनेटचा ताप, परत सुरू व्हायला लागलेली मिनिटं, सोबत कोण. तिसऱ्या खेपेनंतर त्यांनी मला कट्ट्यावर बसवलं आणि कागदावर बोट ठेवलं. “बघा गुरुजी. लोह्याचा काय बी संबंध न्हाई. न थांबता बेचाळीस मिनिटं चालली की ही पडते. थोडं मागंपुढं. थंड झाली की उठून बसते. हिंवतापासारखं हाय. ताप उतरल्यावर तपासलं तर काय सापडनार?”

आणि शोरूमवाले नेमकं तेच करत होते. गाडी उचलून लातूरला नेईपर्यंत ती बर्फासारखी गार. मग बिराजदारचा माणूस तिला शोरूमभोवती दोन किलोमीटर फिरवून आणायचा. “फर्स्टक्लास हाय मॅडम!” आणि कागदावर: दोष आढळला नाही. सिस्टर दर वेळी सांगायच्या, “बेचाळीस मिनिटं चालवून बघा.” बिराजदार दर वेळी म्हणायचा, “एवढा टाइम कुनाला हाय मॅडम?”

आता सातव्या खेपेकडं येतो. गाडीला ताप येतो का, असं ओरडून झाल्यावर बिराजदारनं तावातावानं जॉबकार्ड ओढलं आणि त्यावर लिहिलं: ‘गाडी बंद पडण्याचे कारण: चालकाची चालवण्याची चुकीची पद्धत.’ खाली सही ठोकली, शिक्का मारला. “घ्या! लेखी पायजे व्हतं न्हवं?”

सिस्टरनी ते वाचलं. मी त्यांना अपघाताच्या वॉर्डात, मयताच्या घरात, कुठं कुठं बघितलेलं. पण तसा चेहरा नव्हता बघितला. सर्व्हिस बुकातल्या पिंपळपानावर कुणी शाई ओतावी तसा. कागदाची घडी घालून त्यांनी पर्समध्ये ठेवली आणि गाडीत बसल्या. चाकूरच्या पुढं गाडी बंद पडली. एकोणिसावी वेळ. सिस्टरनी लिहिलं. आणि मग म्हणाल्या, “गुरुजी, हे लोक आज फसले.”

“कसे काय? त्यांनी तर तुमच्यावरच ढकललं.”

“सहा वेळा म्हनले, दोषच न्हाई. आज म्हनतेत, बंद पडते, पन माझ्यामुळं. म्हंजे बंद पडते हे कबूल झालं. सही हाय, शिक्का हाय.” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “आता फकस्त कुनामुळं, एवढंच ठरायचं हाय. ते मी ठरवून घेनार. गाडी देवो न देवो, पन ह्यो शेरा मला काढून पायजे.”

ग्राहक आयोगात तक्रार करायची म्हटल्यावर कॉलनीनं पुन्हा खुर्च्या टाकल्या. वकील लागतो. पावतीवर ‘सर्व वाद लातूर येथे’ असं छापलंय, दर तारखेला लातूरला खेटे घालाल. कंपनीवाले पुरून उरतील. सिस्टरनी झेरॉक्सच्या दुकानातून कायदा आणला आणि औषधाची चिठ्ठी वाचावी तसा ओळीवर बोट ठेवून वाचला. “तक्रारदार राहतो तिथं तक्रार करता येते. मी नांदेडात राहते. आपलं आपन बोलता येतं. मला बोलता येतं. दोष निघाल्यापासून दोन वर्षांच्या आत कराय पायजे. मला वर्ष बी झालं न्हाई. मग अडलंय कशात?” आणि नांदेडच्या आयोगात स्वतःच्या अक्षरातली तक्रार लावली, मागं एकोणीस ओळींचा चार्ट, सात जॉबकार्ड.

फक्त साक्षीदाराचं शपथपत्र हवं होतं. इथं, वाचकहो, मी घोटाळा केला.

त्यांनी सांगितलं होतं, “जे बघितलं तेवढंच लिहा.” पण हातात पेन, समोर कोरा कागद आणि शेजारणीवर झालेला अन्याय. माझी लेखणी उधळली. मी लिहिलं की सदर गाडी माझ्यासमोर शंभर वेळा बंद पडली. मी लिहिलं की एकदा सदर गाडी मी एकट्यानं लोह्यापासून नांदेडपर्यंत ढकलत आणली. सही केली, आणि सिस्टर बहिणीकडं गेलेल्या असल्यामुळं तसंच नेऊन दाखल केलं. वाटलं, बाईंना केवढा आधार होईल.

सुनावणीच्या दिवशी कंपनीचा वकील उठला. कोट असा इस्त्रीचा की कडेनं भाजी चिरावी. त्यानं माझं शपथपत्र दोन बोटांत धरलं. “अध्यक्ष मॅडम, साक्षीदार लिहितात, त्यांनी गाडी लोह्याहून नांदेडला ढकलत आणली. गुरुजी, किती किलोमीटर?”

“तीसेक असेल,” मी म्हणालो.

“एकट्यानं?”

“मधे एक उतार लागतो,” मी म्हणालो.

मागच्या बाकावर कुणीतरी खोकल्याच्या आडून हसलं. वकील माझ्याकडं बघून मायेनं हसला. ते हसणं मी मेल्यावर सुद्धा विसरणार नाही. “शंभर वेळा बंद पडली. तक्रारदारांच्या तक्त्यात एकोणीस ओळी आहेत. दोघांपैकी एक खोटं बोलतंय. मॅडम, ज्यांचा साक्षीदार असा, त्यांची तक्रार कशी असेल?”

अध्यक्ष मॅडमचा चेहरा कोरडा. माझ्या अंगाला घाम असा सुटला की गोदावरीची पातळी वाढली असेल. एका वर्षाचं त्या बाईचं लिहिणं मी एका पानात बुडवलं होतं. सिस्टर उठल्या.

“साहेब, बोलू का?”

“बोला.”

“गुरुजी खोटं बोलतेत.”

वकिलाचं हसू जागच्या जागी राहिलं. माझं तर हृदयच राहिलं.

“त्यांची सवय हाय ती. माझ्या चार्टात शेवटचा रकाना बघा, सोबत कोन. ओळ चार.” त्यांनी चष्मा लावून वाचलं. “‘गुरुजी सोबत. अकरा पावलं ढकलली. मग दगडावर बसले. पानी दिलं.’ ओळ नऊ. ‘गुरुजी सोबत. ढकलताना आवाज जास्त, जोर कमी. दोन मानसं रस्त्यावरून बोलावली.’ साहेब, एकोनीस वेळा बंद पडली, शंभर वेळा न्हाई. शंभर वेळा पडली असती तर मी शंभर लिहिलं असतं, मला कागदाचा तोटा न्हाई. गुरुजींचा कागद काढून टाका. माझं एकोनीस मला पुरतं.”

अध्यक्ष मॅडमनी तोंडावर फाईल धरली. फाईल हलत होती. मी नंतर गावभर सांगितलं की सगळं कोर्ट उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. सिस्टरनी दुरुस्ती केली: “दोघं उठले. त्यातल्या एकाची बस व्हती.”

पण फाईल खाली आली तेव्हा अध्यक्ष मॅडमचा आवाज बदललेला होता. “जी बाई स्वतःच्या साक्षीदाराला सोडत नाही, तिचा तक्ता आम्हाला नीट बघावा लागेल. तुमची मागणी काय?”

“दुसऱ्या जानकार मानसाकडून तपासा साहेब. फकस्त बेचाळीस मिनिटं न थांबता चालवून. आनि मी चालवनार न्हाई. ह्यांचाच सगळ्यात चांगला ड्रायव्हर असू द्या.”

बाहेर आल्यावर मी माफी मागायला तोंड उघडलं. सिस्टरनी गाड्यावरून माझ्या हातात चहा दिला. “असू द्या. पेशंटला बरं वाटावं म्हनून नातेवाईक लई बोलतेत. मला सवय हाय.” आणि थोडं थांबून, “पन पुढच्या बारीला अकराच पावलं लिहा.”

तपासणीच्या दिवशी आयोगानं नेमलेले, सरकारी तंत्रनिकेतनातले मठपती सर आले. किडकिडीत, कमी बोलणारे, खिशात एक स्क्रूड्रायव्हर. बिराजदारनं लातूरहून आपला हुकमी माणूस आणला, खाजाभाई. बावीस वर्षांत एक ओरखडा नाही, असा त्याचा लौकिक. खाजाभाई स्टिअरिंगवर, सर शेजारी, मागं सिस्टर, मी आणि बिराजदार. बिराजदार इतका दांडगा की मला अर्धंच बसायला मिळालं.

गाडी निघाली, सिस्टरनी घड्याळ बघितलं. पंचवीस मिनिटं होत आली, सोनखेड आलं आणि बिराजदारला मायेचं भरतं आलं. “सर, इथला चहा म्हंजे विचारू नका! थांबव खाजा!” आपल्याकडं चहाला नाही म्हणणं म्हणजे जन्माचं वैर. सर उतरले. बिराजदारनं चहा पाजला, भजी मागवली, वर आणखी एक चहा. तिकडं गाडी सावलीत गार होत बसली. मी सिस्टरला खुणा करून करून मान मोडून घेतली. त्यांनी चहा बशीत ओतून सावकाश प्याला, कागदावर लिहिलं आणि सरांपुढं धरलं: ‘चहा. अकरा मिनिटं. घड्याळ पुन्हा शून्यापासून.’ सरांनी वाचलं, बिराजदारकडं बघितलं, मान डोलावली. “इथून मोजू.”

पुढं प्रत्येक हॉटेलाला बिराजदारला उमाळा यायचा. “सर, लोह्याची जिलेबी!” सिस्टर म्हणायच्या, “येताना.” “सर, उसाचा रस!” “येताना.” लोहा गेलं. तीस मिनिटं. माळाकोळीकडचा रस्ता सुरू झाला. चाळीस. गाडी बंद पडू दे म्हणून मी जेवढे देव आठवले तेवढे सगळे बोलावले. एकेचाळीस. बेचाळीस.

गाडी चालतच होती.

बिराजदारनं खिशातून खारे शेंगदाणे काढून सरांपुढं केले आणि नाकातल्या नाकात गाणं धरलं. त्रेचाळीस. सिस्टरनी डोळे मिटले नाहीत की हात जोडले नाहीत. पण मला दिसलं, पेनाचं टोपण त्यांनी तीनदा काढलं आणि तीनदा लावलं. हरलो तर तो शेरा कायमचा. खुर्च्या टाकून बसलेली सगळी कॉलनी खरी.

इथं मी सांगितलं असतं की बरोब्बर बेचाळिसाव्या मिनिटाला, ऐन घाटात, विजेच्या कडकडाटात गाडी बंद पडली. पण तो चार्ट आज माझ्या कपाटात आहे. वेळ लिहिली आहे चव्वेचाळीस मिनिटं. सपाट रस्ता. स्वच्छ ऊन. गाणं एका ओळीत तुटलं, कारण इंजिनाचा आवाज गेला होता आणि बिराजदारला स्वतःचा आवाज ऐकू आला.

“ए, काय केलंस रे?” तो खेकसला.

“खुदा की कसम साब, मैं कुछ नै किया!” खाजाभाईनं दोन्ही हात वर केले. “अपने आप बंद पडी!”

“गप बस!”

“बोलू द्या त्यांना,” सिस्टर म्हणाल्या. आवाज बारीक, पण त्यात सात खेपांचं लातूर होतं. “हेच वाक्य मी वर्षभर सांगून राहिले. सर, त्यांचं लिहून घ्या. चालकाचं नाव, अनुभव बावीस वर्षं.”

मठपती सरांनी बॉनेट उघडलं, खिशातला स्क्रूड्रायव्हर बाहेर आला. इंधनाच्या पंपाकडं जाणारी एक वायर कारखान्यातच चुकीच्या जागी दाबून बसवलेली. तापली की तुटायची, गार झाली की जुळायची. अहवाल पाऊण पानाचा. शेवटची ओळ: दोष मूळ उत्पादनातला, चालवण्याशी संबंध नाही. परत येताना सोनखेडला खाजाभाईनं स्वतः खाली उतरून सिस्टरला चहा आणून दिला. “मावशी, माफ करना. तुम्हारा नाम खाली-पिली बदनाम किए.”

आयोगाचा आदेश आला: नवी गाडी द्या, तक्रारदाराला झालेल्या त्रासाची भरपाई द्या, आणि जॉबकार्डावरचा शेरा लेखी मागं घ्या. सिस्टरनी पहिल्या दोन ओळी भराभर वाचल्या. तिसरी तीनदा वाचली, तीही कट्ट्यावर, मोठ्यानं, खुर्च्या टाकायच्या वेळेला.

पुढं चार वर्षं त्यांनी ती नवी गाडी चालवली. कॉलनीतल्या तीन बायका त्यांना बघून गाडी शिकल्या. गेल्या उन्हाळ्यात सिस्टर गेल्या. झोपेत, कुणाला उठवायला न लावता. सकाळी सहाला अंगणातून हाक आली नाही, तेव्हाच मला कळलं. दिवस झाल्यावर लेकीनं त्यांची फाईल मला आणून दिली. “आई म्हनायची, गुरुजींना द्या. त्यांना आकडे लागतील.” फाईलच्या शेवटी माझ्या नावाचा एक कागद निघाला. आखलेला, तारीख घातलेला. ‘शेजारी. आवाज मोठा. बीपी मोठं. मन बरं. आकडे तपासून घेणे.’ त्या दिवसापासून मी लिहिताना आकडे तपासून घेतो. वरच्या कबुतरांचं तेवढं राहून गेलं.

पण मला त्या आठवतात त्या नवी गाडी घ्यायला लातूरला गेलो त्या दिवशीच्या. शेरा मागं घेतल्याचं पत्र आधी हातात घेऊन, वाचून, पर्समध्ये ठेवून मगच त्या गाडीकडं वळल्या. बिराजदारनं हार आणला होता, पुठ्ठ्याची हातभर किल्ली आणली होती, फोटोवाला बोलावला होता. आयोगाचा कागद लागल्यापासून त्याची वाणी लोण्यासारखी झाली होती. सिस्टरनी हार खुर्चीवर ठेवला, पुठ्ठ्याची किल्ली माझ्या हातात दिली, गाडीत बसल्या, पट्टा लावला. बुद्धाची मूर्ती डॅशबोर्डवर ठेवली. मग पर्समधून एक नवा, कोरा, आखलेला कागद काढून मांडीवर पसरला.

बिराजदार खिडकीपाशी वाकला, हात जोडले. मागं फोटोवाला मोबाईल धरून उभा. “मॅडम, झालं गेलं इसरा. आता बोला, नवीन गाडी कशी वाटून राहिली? एक शब्द बोला, व्हिडिओ चालू हाय.”

सिस्टरनी पदराजवळचं घड्याळ उलटं धरून बघितलं, निघाल्याची वेळ लिहिली आणि किल्ली फिरवली.

“बेचाळीस मिनिटांनी सांगते.”